पंच्याऐंशीचा कॉर्निया

“पंच्याऐंशीच्या म्हातारीचे डोळे घेऊन काय करणार तुम्ही?” वाकडहून आलेल्या पुतण्याने मला दारातच अडवलं. घर तळवड्यातलं. आजी पहाटे गेल्या होत्या. मी नेत्रपेढीची समुपदेशक, म्हणजे माणूस गेलेल्या घरात जाऊन डोळे मागणारी बाई. शिव्या खायची सवय आहे.

“मोतीबिंदू झालेला, जाड चष्मा. काही उपयोग नाही.”

“ते डॉक्टर ठरवतील. तुम्ही कशाला ठरवताय?”

सुतकाच्या घरात असं बोलू नये, कबूल. पण सहा तासांत कॉर्निया काढला नाही तर वाया जातो. कॉर्निया म्हणजे डोळ्यावरची पारदर्शक काच. तेवढीच काढतात, चेहरा बिघडत नाही.

आजींचा मुलगा बाहेर आला. “दादा, आईनं हे ऐकलं असतं ना, तर म्हनली असती, म्हातारी झाले म्हनून भंगारात काढतो व्हय रं मला? ताई, घ्या तुमी.”

पेढीत तपासणी झाली. कॉर्नियाच्या सगळ्यात आतल्या थरातल्या पेशी कमी निघाल्या.

“गेला ना वाया?” मी सर्जन मॅडमना विचारलं.

“कोण म्हणतं? अनिकेतला चालेल.”

अनिकेत चाकणच्या कंपनीत पार्ट तपासतो. केराटोकोनसमुळे त्याचा कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे आलेला, वर डाग पडलेला. लेन्स डोळ्यावर टिकेना. सुपरवायझरने सुनावलं होतं, “राव, तुला ओरखडाच दिसत नाही, तर लाइनवर ठेवू कशाला?” म्हणजे आजारही त्याचा आणि गुन्हाही त्याचाच!

पण त्याचा आतला थर धडधाकट होता. तो तसाच ठेवायचा आणि पुढचे थर आजींचे लावायचे. धोका एकच. हवा भरून थर सुटे करताना आतला फाटला, तर अख्खा कॉर्निया बदलावा लागतो. तिथे कमी पेशींमुळे आजींचा चालला नसता आणि दुसऱ्या कुणाचा हाताशी नव्हता.

ऑपरेशन थिएटरबाहेर अनिकेतची आई माझा हात सोडेना. शेवटी मॅडम आल्या. “नाही फाटला.”

नजर बसायला बरेच महिने गेले. अनिकेत आज चष्मा लावून त्याच लाइनवर आहे.

नावं आम्ही कुणालाच सांगत नाही. आजींच्या मुलाला फोनवर एवढंच सांगितलं, “आईंचा कॉर्निया लागला. एकाला दिसतंय.”

“लई उपकार झाले, ताई,” तो मलाच म्हणाला. उपकार त्याचेच होते.

तेव्हा वय, चष्मा, मोतीबिंदू बघून परस्पर नकार देऊ नका. नेत्रपेढीला फोन करा. नाही म्हणायचंच असेल तर आम्ही म्हणू. त्याचा आम्हाला पगार मिळतो.