पेन्सिल उडाली नाही

ऑरिन ट्वेटला वेडा म्हणणारे आमच्या खोऱ्यात पुष्कळ आहेत. त्यातल्या एकानेही त्याच्या शेजारी बसून शनिवारची सकाळ काढलेली नाही. मी एकोणीस वर्षं काढली. तेव्हा त्याला वेडा म्हणायचंच असेल तर मी म्हणेन, बाकीच्यांनी तोंड आवरावं.

मी एमेट. बंदुका दुरुस्त करतो. टॅमरॅक क्रीकच्या पुलापाशी माझं दुकान आहे, आणि शिकारीच्या मोसमाआधी माझ्या हाताखालून न गेलेली रायफल मॉन्टानाच्या या कोपऱ्यात शोधून सापडायची नाही. ऑरिनचा रेडिओवरचा कार्यक्रम शनिवारी सकाळी नऊला असायचा, पशुखाद्याच्या दुकानामागच्या एका खोलीतून. नाव ‘कडी लावा’. सुरुवात ठरलेली: “नमस्कार, अजून मोकळे असलेल्या माणसांनो!” मग तासभर विहिरीचं पाणी कसं शुद्ध करायचं, गहू बादल्यांत कसा बंद करायचा, वीज गेली तर काय, सरकार दारात आलं तर काय. दुसरा तास माझा. लोक फोन करून बंदुकांचं विचारायचे, मी सांगायचो, आणि ऑरिन मध्येमध्ये सरकारला चिमटे काढायचा.

त्याचा सरकारवरचा राग काही हवेतून आलेला नव्हता. तो नऊ वर्षांचा असताना धरणासाठी त्यांचं खालचं कुरण गेलं. घरची दफनभूमी तिथेच होती. एक साहेब आला, त्यांच्या टेबलाशी बसून कॉफी प्यायला, ॲपल पाय खाल्ला आणि त्याच्या बापाला म्हणाला, तुमच्या बायकोची कबर आम्ही मानाने टेकडीवर हलवू. दगड हलवला. दगडाखालचं आलं की नाही, ते कोणी छातीठोक सांगेना. “माझी आई पाण्याखाली आहे, एमेट,” ऑरिन म्हणायचा, “आणि मी दरवर्षी नुसत्या दगडाला फुलं वाहतो.” हे ऐकल्यावर त्याला काय शहाणपण शिकवायचं?

लोक हसायचे त्याला. पण एका हिवाळ्यात अकरा दिवस वीज गेली, तेव्हा हसणारे झाडून सगळे त्याच्या स्वयंपाकघरात बरणीतलं हरणाचं मटण ओरपत बसले होते. वाढत होती व्हर्लीन, त्याची बायको. तिने कोणाला एक टोमणा मारला नाही. मी असतो तर सोडलं नसतं.

मग त्याचं विसरणं सुरू झालं. एकाच तासात पाण्यात ब्लीचचे किती थेंब टाकायचे ते त्याने तीनदा सांगितलं. एकाने फोनवर चेष्टा केली, “ऑरिन, पाणी शुद्ध झालं रे बाबा, आता पिऊ तरी दे!” चौथ्या आठवड्यात चेष्टा करायलाही कोणी फोन केला नाही, आणि रेडिओच्या मालकाने कार्यक्रम बंद केला. व्हर्लीन त्याला शहरात डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरीणबाई चांगली होती म्हणे. तपासलं, चार प्रश्न विचारले, आणि पाचवा विचारला, “घरात बंदुका आहेत का?”

एकोणीस वर्षं ऑरिन श्रोत्यांना सांगत आला होता, डॉक्टरने हे विचारलं की टोपी घाला आणि उठा. साल कोणतं ते त्याला सांगता आलं नव्हतं. हे मात्र पक्कं लक्षात होतं. त्याने टोपी घातली आणि उठला. तो पुन्हा कुठल्याच डॉक्टरकडे गेला नाही. आणि रेडिओवर तो हे सांगायचा तेव्हा शेजारी बसून “अगदी बरोबर” म्हणणारा गाढव कोण, तर मी.

सप्टेंबरात व्हर्लीन माझ्या दुकानात आली. कोट काढला नाही, बसली नाही.

“काल दुपारी मी खुराड्यातून अंडी घेऊन आले,” ती म्हणाली, “तर त्याने पिस्तूल रोखलं माझ्यावर. तुला कोणी पाठवलं, म्हणाला.”

“तुमचा परवलीचा शब्द होता ना? तो सांगायचास.”

“सांगितला. बिस्किट. आमच्या पहिल्या कुत्र्याचं नाव. तर म्हणतो कसा, चूक! तो स्वतःच विसरलाय, एमेट. अंड्यांची टोपली घेऊन उभी राहिले मी, किती वेळ कोण जाणे. मग त्याने पिस्तूल खाली केलं आणि म्हणाला, आज अंडी कमी दिसतात.”

“शेरीफला सांगू या?”

“सांग की. दोन पोरं गाडी घेऊन येतील. ऑरिन दारात उभा राहील, कमरेला पिस्तूल. पुढे काय होईल ते तूच बोल. बंदुकांना तो फक्त तुला हात लावू देतो,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी वर त्याच्या घरी गेलो. म्हटलं, “ऑरिन, मोसम आलाय, आण इकडे सगळ्या, साफ करून देतो.” चौदा होत्या. त्याने स्वतः उचलून माझ्या गाडीत ठेवल्या, कमरेचं पिस्तूलसुद्धा काढून दिलं. “सावकाश कर,” म्हणाला, “तुझ्याकडे आहेत म्हणजे घरातच आहेत.”

चाप ओढला की बोटाएवढी एक पोलादी पिन पुढे येऊन काडतुसाच्या बुडाला टोचते. ती काढून टाकली असती तर त्याला कळलं असतं. त्याचं डोकं विसरलं होतं, हात विसरले नव्हते. म्हणून मी चौदाही पिनांची टोकं सहाणेवर थोडीथोडी घासली. वरून सगळं जागच्या जागी, आवाजही तोच, फक्त पिन पोचत नाही. चाळीस वर्षांत चांगलं हत्यार बिघडवायला हात उचलला नव्हता. रडलो. लपवत नाही.

बंदुका परत नेऊन दिल्या. दोन आठवडे बरे गेले. शनिवारी नऊ वाजले की ऑरिन गाडीची किल्ली शोधायला लागायचा, रेडिओवर जायचंय म्हणून. मग व्हर्लीन जुन्या कार्यक्रमाची एखादी टेप लावायची, आणि तो टोपी घालून आपलाच आवाज ऐकत बसायचा. “हा माणूस बरोबर बोलतो,” म्हणायचा. त्या शनिवारी मीही टेबलाशी होतो. कॉफी पीत होतो, ॲपल पाय खात होतो.

टेपमधला ऑरिन म्हणाला, “ते दिवे लावलेल्या गाड्यांतून येणार नाहीत, लक्षात ठेवा. आधी तुमच्यातलाच एक येईल. तुमच्या टेबलाशी बसून कॉफी पिईल. म्हणेल, आण इकडे, साफ करून देतो.”

टेपमध्ये कोणीतरी खदाखदा हसलं. “म्हणजे मीच की काय रे?”

तो आवाज माझा होता. मी बशी बाजूला सारली.

आणि मेलं ते पुढचंही माझंच. मीच सांगत होतो: महिन्यातून एकदा हे करा. पिस्तूल रिकामं करा, दोनदा बघा. नळीत पेन्सिल सोडा, खोडरबर आत. नळी वर धरा, चाप ओढा. पेन्सिल उडाली की पिन ठीक. हे आपणच शिकवलंय, हे मी साफ विसरलो होतो. खरं तर त्या स्वयंपाकघराचं छत पेन्सिलीच्या ठिपक्यांनी भरलेलं आहे. व्हर्लीन त्यावरून किती बोलायची!

ऑरिन उठला. पिस्तूल रिकामं केलं, दोनदा बघितलं. फोनजवळची पेन्सिल नळीत सोडली आणि चाप ओढला. टक. पेन्सिल आतच. पुन्हा ओढला. पुन्हा. मग त्याने छताकडे बघितलं आणि वळला तो चुलीपाशी उभ्या असलेल्या बायकोकडे.

“तू कोण? सकाळपासून माझ्या स्वयंपाकघरात काय करतेस?”

“ऑरिन, अरे मी व्हर्लीन.”

“पिन कोणी घासली?” त्याने चुलीजवळची लोखंडी सळई उचलली.

“बिस्किट,” ती म्हणाली. “बिस्किट, ऑरिन!”

“मी घासली!” मी ओरडलो. “तिचा काही संबंध नाही. मी घासली, चौदाच्या चौदा.”

तो माझ्याकडे वळला. आणि नेमकं त्या क्षणी त्याने मला ओळखलं. “एमेट? तू?”

“मी.”

सळई खाली ठेवली. खुर्चीत बसला, टोपी काढली. मारलं असतं तर बरं झालं असतं.

“मला विचारायचंस तरी,” तो म्हणाला.

“विचारलं असतं तर दिल्या असत्यास?”

“नाही.” त्याने टोपी टेबलावर ठेवली. “पण विचारायचंस.”

दहा मिनिटांनी त्याने डोकं वर केलं. “अरे एमेट! कधी आलास? बरं झालं आलास. हे बघ, माझ्या पिस्तुलाची पिन कोणीतरी घासलीय. तुझ्याशिवाय विश्वास कोणावर टाकू रे?”

मी व्हर्लीनकडे बघितलं. आणि भित्र्यासारखा म्हणालो, “बघतो. नवी करून देतो.”

बुधवारी त्याने सळई तिच्या हातावर घातली. मनगट दोन जागी मोडलं. दवाखान्यात तिने सांगितलं, बर्फावर घसरले. कोणीतरी पिन घासलीय एवढं त्याच्या डोक्यात राहिलं होतं. कोणी, ते मी दुसऱ्यांदा सांगितलं नव्हतं, आणि घरात दुसरं माणूस होतं ते एवढं एकच.

तेव्हापासून मी रोज सकाळी वर जातो आणि सांगतो. कधी एका सकाळी दोनदा. “पिना मी घासल्या, ऑरिन.” दर वेळी त्याला ते पहिल्यांदाच कळतं. दर वेळी तो टोपी काढतो. “मला विचारायचंस तरी,” म्हणतो. हा चेहरा मी आता पन्नासेक वेळा बघितलाय. सवय होते म्हणतात, खोटं आहे.

शब्द त्याच्या डोक्यात राहत नाहीत. पण काहीतरी राहतं खरं. आधी माझी कॉफी बंद झाली. मग टेबलाशी बसलो की तो उठून उभा राहायचा. गेल्या शनिवारी माझी गाडी अंगणात शिरली तेव्हा तो दारातच होता. मागे व्हर्लीन, हात अजून गळ्यात बांधलेला.

“ऑरिन, मी एमेट.”

“असशील. तू कोण ते मला आठवत नाही,” तो म्हणाला. “पण तू माझं काहीतरी वाईट केलंयस.”

“केलंय.”

“मग आत यायचं नाही.”

व्हर्लीन पुढे व्हायला लागली, तर त्याने हात आडवा करून तिला आपल्या पाठीशी घेतलं. “तू मागे राहा, व्हर्लीन,” म्हणाला. नावानिशी. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. मग दार लावलं आणि आतून कडी घातली.

मी पायरीवर उभा राहिलो. आत नऊची टेप सुरू झाली होती आणि तिच्यात मी हसत होतो.