रडणाऱ्या जीपची चौकशी

एखाद्या गाडीतून कुईं असा बारीक आवाज आला की ती घटना मला आजही आठवते, आणि मी नकळत त्या गाडीच्या ड्रायव्हरकडे वाकून बघतो. पत्नी म्हणते, "निवृत्त झालात, आता तरी लोकांच्या गाड्या तपासू नका." तिचंही बरोबर आहे, पण सवय जात नाही.

तेव्हा माझी नेमणूक पनवेल भागात होती. विमानतळ येणार, या नुसत्या बोलण्याने उलव्याकडच्या जमिनींना सोन्याचा भाव आला होता. ज्यांच्या दारात कधी सायकल नव्हती, तिथे जीपा उभ्या राहिल्या. मारामारीची तक्रार द्यायला येणारे लोकही स्वतःच्या गाडीने येऊ लागले होते.

एके सकाळी हजेरी आटोपत होती, तेवढ्यात खाडीकाठच्या एका गावचे पोलीस पाटील आले. माणूस सावध. बसायच्या आधी त्यांनी दार लोटून घेतलं, तेव्हाच मी ओळखलं की प्रकरण नाजूक आहे.

"साहेब, आमच्या गावात एक जीप रडते."

"मग गॅरेजला पाठवा. पोलीस ठाण्यात कशाला?"

"दोनदा पाठवली. मेकॅनिक चालवतो तवा गप. मालक बसला का कुईं कुईं चालू. गाव बोलतंय, करणी हाय. आन् नाव घेतायत त्याच्या वहिनीचं. आज सांजच्याला देवळाफुडं बैठक हाय, भगत बोलावलाय. त्या बाईचं काय खरं नाय, साहेब."

मला हसू आलं होतं, ते तिथेच विरलं. करणीच्या नावाखाली गोळा झालेला जमाव काय करतो, हे मी आधीच्या एका नेमणुकीत पाहिलं होतं. तिथे आम्ही पोचलो तेव्हा फक्त पंचनामा करायचा उरला होता.

पाटलांनी घरची हकिकत सांगितली. कुटुंब मासेमारी करणारं. काही वर्षांपूर्वी वादळात त्यांची होडी उलटली. दोघे भाऊ होडीत होते. धाकटा उलट्या होडीला धरून तरंगत किनाऱ्याला लागला. थोरला गेला. पुढे ती होडी मोडीत निघाली आणि धाकट्याने समुद्र कायमचा सोडला. जमिनीचे पैसे आल्यावर त्याने जीप घेऊन भाड्याने चालवायला सुरुवात केली. घरात म्हातारी आई, धाकट्याचा संसार आणि थोरल्याची विधवा बायको. पावसाळ्यात जीप नवी असताना ही वहिनी दिवेलागणीला एकटीच गाडीत वाकून काहीतरी करताना शेजाऱ्यांनी पाहिली होती. थंडीत जीप रडायला लागली. मग धाकट्याच्या मुलाला ताप आला, गाडी खांबाला घासली, आणि लोकांनी दोन अधिक दोन पाच करून टाकले.

स्टेशन डायरीला नोंद करून मी हवालदाराला पाठवलं. कागदपत्रं तपासायची आहेत, असं सांगून जीप, धाकटा, त्याची आई आणि वहिनी या सर्वांना दुपारपर्यंत ठाण्यात आणलं.

धाकटा दांडगा गडी होता, पण डोळे झोप नसल्यासारखे लाल. "साहेब, मी बसलो का रडते. दुसरा कोन बसला तर नाय. माझ्यावरच केलंय कुनीतरी," तो म्हणाला. वहिनीचं नाव त्याच्या तोंडून निघत नव्हतं, एवढं मी टिपून ठेवलं.

मग महिला शिपायाला शेजारी बसवून मी वहिनीला आत बोलावलं. तिला आधी पाणी दिलं.

"बाई, गाडीत काही ठेवलंय का तुम्ही?"

पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती खाली बघत राहिली. मी समजावलं, थोडा आवाजही चढवून पाहिला. चौकशीत माणूस इतका गप्प बसला की आम्ही मनातल्या मनात त्याला आरोपी करून मोकळे होतो. मीही झालोच होतो. एवढ्यात ती म्हणाली,

"साहेब, मी वायट काय केलं नाय. पन मी सांगायचं नाय. तुमी शोधा."

"सांगायचं का नाही?"

"ठेवनाऱ्यानं बोललं तर राखन जाते."

राखण म्हणजे रक्षणासाठी ठेवलेली वस्तू. ठेवणाऱ्याने तिच्याविषयी बोलायचं नसतं, अशी तिकडची समजूत. खरं बोलत असेल तर बाई निर्दोष होती. पण बैठकीत नेमकं हेच बोलली असती तर? ठेवलंय एवढं कबूल झालं असतं, आणि काय ते ऐकायला कोणी थांबलं नसतं. संध्याकाळच्या आत आवाज शोधणं भाग होतं.

जीप आवारात घेतली आणि तिची ओळख परेड सुरू केली. ठाण्याच्या फाटकाजवळच्या गतिरोधकावरून एकेकाने गाडी न्यायची. प्रथम आमचा किडकिडीत शिपाई बसला. गाडी गप्प. मग मी बसलो. तरीही गप्प. धाकटा बसला आणि गतिरोधकावर चढताच स्वच्छ कुईं! म्हातारीने डोळे मिटून देवाचं नाव घेतलं.

आमचा हवालदार बाजूला उभा राहून चहा पीत होता. हा गृहस्थ अंगाने भरभक्कम. दरवर्षी त्याच्या कमरपट्ट्याला नवीन भोक पाडावं लागायचं आणि मी त्यावरून त्याला नेहमी टोचायचो. मी म्हटलं, "या, आता तुम्ही बसा."

तो बसला मात्र, आणि जीप धाकट्यापेक्षाही मोठ्याने रडली.

"अरे बापरे, साहेब, माझ्यावर कुनी केली करनी?" तो ओरडला. म्हातारीसुद्धा हसली. एरवी ज्या पोटाचा उद्धार करायचो, त्याचे मी त्या दिवशी जाहीर आभार मानले. माणूस जड असला तरच सीट आवाज करते, एवढं आता उघड झालं होतं.

दोन पंच बोलावून त्यांच्यासमोर ड्रायव्हरची सीट काढली. खालच्या बाजूने, स्प्रिंगांच्या मधे, हळद लावलेली एक पुरचुंडी खोचलेली होती. कापड झिजून आतला गंजका खिळा बाहेर आला होता. वजन पडलं की स्प्रिंग त्या खिळ्याला घासायची.

पुरचुंडी दिसताच धाकटा मागे सरकला. "बघा साहेब! म्हनजे खरंच..." आणि तो वहिनीकडे वळला. मी मधे उभा राहिलो.

पुरचुंडी मी उघडली. आत वीतभरही नसेल असा, तोच खिळा अडकलेला लाकडाचा तुकडा निघाला. त्यावर निळ्या रंगाचे पोपडे होते. म्हातारी पुढे आली, तुकडा हातात घेतला आणि रंगावरून अंगठा फिरवला.

"ही माझ्या थोरल्याची होडी हाय. रंग त्यानंच लावला होता."

मी वहिनीला म्हटलं, "बाई, शोधलं मी. आता बोललात तर चालेल?"

ती दिराकडे बघून म्हणाली, "या होडीनं भावजींना घरी आनलं. आता ते होडीत नसतात, गाडीत असतात. म्हनून ठेवलं."

तो दांडगा गडी आवारातच मटकन खाली बसला आणि वहिनीच्या पायांवर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला. म्हातारीने सुनेला पोटाशी धरलं. महिला शिपाई डोळे पुसत होती, आणि माझीही अवस्था काही वेगळी नव्हती.

गुन्हाच नव्हता, तेव्हा तुकडा जप्त करायचा प्रश्न नव्हता. मी तो धाकट्याच्या हाती दिला. संध्याकाळी देवळापुढे बैठक झाली, पण भगताची गरज उरली नाही. धाकट्यानेच उभं राहून सगळी हकिकत सांगितली. बंदोबस्ताला मी हजर होतो. काही माणसं मान खाली घालून घरी गेली.

गप्प बसलेला माणूस काहीतरी लपवतो, हे नोकरीने मला शिकवलं होतं. लपवलेलं वाईटच असतं असं नाही, हे त्या बाईने शिकवलं. त्यानंतर चौकशीला बसताना समोरच्याला जरा जास्त वेळ देऊ लागलो. जीव धोक्यात असताना तिने 'तुमी शोधा' म्हणत पोलिसांवर भरवसा टाकला, याबद्दल मी तिचा कायम ऋणी आहे.

पुढच्या नारळी पौर्णिमेला मी ठाण्यात बसलो होतो. फाटकाजवळ ओळखीचा आवाज आला, कुईं! हवालदार म्हणाला, "साहेब, पाहुणे आले." धाकटा जीप चालवत होता आणि पुढच्या सीटवर वहिनी बसली होती, मांडीवर ओल्या नारळाच्या करंज्यांचा डबा घेऊन. "साहेब, तुमच्यामुलं घर राहिलं," ती म्हणाली.

मला राहवलं नाही. धाकट्याला म्हटलं, "अरे, तुकडा परत सीटखाली ठेवलास, तर त्याला नवीन जाड कापड गुंडाळ की. आवाज बंद होईल."

त्याने मान हलवली.

"नको साहेब. वाजतं तवर दादा बरोबर हाय."