पिस्तूल घ्या, नाहीतर घरी बसा!

बिल्डरच्या मागे बंदूक लावून उभं राहायची नोकरी. दिवसभर काही घडत नाही म्हणावं, तर संध्याकाळी सांगायला काहीतरी असतंच! फौजेतून रिटायर झालो आणि बोळिंजला एका शेठचा गनमॅन झालो. कंबरेला स्वतःचं लायसन्सचं रिव्हॉल्व्हर, आणि डोकं कायम तापलेलं.

शेजारच्या ऑफिसचा गनमॅन कदम. तोही माजी फौजी, पण पिस्तूलवाला. टपरीवर रोज आमची जुंपते. "तुझ्यात सहा गोळ्या, माझ्यात आठ!" एकदा माझी सटकलीच. म्हटलं, "आठ लागतात म्हणजे पहिल्या सात चुकणार, हे तुझं आधीच ठरलंय!"

टपरीवाली अर्नाळ्याची मावशी कप विसळत म्हणाली, "यवढं भांडताव, दोगांनी मिलून एक कावला तरी मारलाव काय?" दोघांनीही कप तोंडाला लावले.

*

शेठची वेगळीच तऱ्हा. साइटच्या भूमिपूजनाचे फोटो आले, त्यात माझं रिव्हॉल्व्हर दिसलं. "काय हा डबा! दिवाळीपर्यंत पिस्तूल घ्या, नाहीतर घरी बसा!"

घरी बसू? पोरीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे हो! आणि माझं रिव्हॉल्व्हर उघडलं की सहाही घरं समोर दिसतात. भरलंय की रिकामं, प्रश्नच नाही. पण हे त्या माणसाला सांगणार कोण?

*

चांदीपला शेठच्या मेहुण्याची हळद. मेहुणा झिंगलेला. "काका, द्या ना, एक हवेत उडवतो!" शेठ म्हणाले, "द्या हो, घरचंच कार्य आहे."

पाठ फिरवून सहाही गोळ्या काढून खिशात टाकल्या आणि रिकामं रिव्हॉल्व्हर हातात दिलं. तो डीजेच्या तालावर खटखट दाबत राहिला.

दुसऱ्या दिवशी शेठ सगळ्या ऑफिसला सांगतायत, "रिव्हॉल्व्हर असंच ऐनवेळी दगा देतं!" तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

*

निवडणूक लागली की आमची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा. म्हणजे गनमॅन आहे, गन नाही! शेठ म्हणाले, "शर्टाआत पॉवरबँक खोचा. फुगवटा दिसला पाहिजे."

संतापून कदमला सांगितलं, तर तो स्वतःचा शर्ट चाचपत विचारतो, "उजवीकडे की डावीकडे?"

*

दिवाळीच्या आधी शेठनी स्वतःलाच पिस्तूल घेतलं. ऑफिसात त्याची पूजा केली, पाहुणे बोलावले. सगळ्यांसमोर गोळ्यांचं मॅगझिन काढून टेबलावर ठेवलं आणि पिस्तूल सरळ माझ्या छातीवर धरलं!

"घाबरू नका, रिकामं आहे. दाबून दाखवू?"

मी झडप घालून मनगट धरलं, नळी छताकडे केली, पिस्तूल हिसकावून स्लाइड मागे खेचली. आत राहिलेली गोळी उसळून बाहेर आली ती पेढ्यांच्या बॉक्समध्ये पडली. पाहुणे पांढरेफटक!

"मेलो असतो ना मी, शेठ!" मी अक्षरशः ओरडलो.

शेठनी पेढ्यांतून गोळी उचलली, रुमालानं पुसली आणि पाहुण्यांकडे वळले.

"बघितलंत? म्हणून यांना सांगतोय, पिस्तूल घ्या. मॅगझिन काढलं तरी एक शिल्लक राहते!"