पिंजऱ्यातून येणारा मसालेभात

किस्से जमवायला फार कष्ट लागत नाहीत, हॉल तेवढा विचित्र मिळावा लागतो. लीड्सजवळच्या आमच्या मराठी मंडळाला तो मिळाला. जुनं कोर्ट! खटले नव्या इमारतीत गेले आणि कौन्सिल ही जागा भाड्याने द्यायला लागलं. लिस्टेड, म्हणजे हेरिटेज बिल्डिंग, त्यामुळे आतलं काही हलवायचं नाही. न्यायाधीशांची उंच खुर्ची, त्यावर सिंहाचं राजचिन्ह, समोर आरोपीचा पिंजरा, सगळं जागच्या जागी. पिंजऱ्यातून एक जिना खाली कोठड्यांत उतरतो. कोठड्यांचं आता किचन झालंय. म्हणजे आमच्याकडे जेवण वर येतं ते थेट आरोपीच्या पिंजऱ्यात!

*

माइकची वायर पिंजऱ्यापर्यंतच पुरते. त्यामुळे बोलायचं तेही तिथूनच. नव्याने आलेला निखिल, सॉफ्टवेअरवाला, ओळख करून द्यायला उभा राहिला.

"नमस्कार, मी निखिल, पुण्याचा." मग त्याची नजर समोरच्या सिंहावर गेली. "म्हणजे... पिंपरीचा."

*

गणपती अर्थातच न्यायाधीशांच्या जागी बसतो. गेल्या वर्षी सात वर्षांची ईरा श्लोक म्हणायला पिंजऱ्यात चढली आणि पुढचं विसरली. तिची आई खालून ओठ हलवतेय. ईराने बाप्पाकडे पाहिलं आणि हात जोडले.

"Sorry बाप्पा, मराठीचं होमवर्क आईने केलं."

मराठी वर्गाच्या बाई पहिल्याच रांगेत होत्या!

*

पाडवा एकदा वर्किंग डेला आला. रिटायर्ड मंडळींनी सकाळीच कार्यक्रम ठेवला, मी रजा टाकून गेले होते. दारात सूट घातलेला एक गोरा तरुण आला. बूट काढायची पाटी वाचून त्याने मुकाट्याने बूट काढले आणि कोपऱ्यात बसला. कुणाचा तरी जावई असेल म्हणून आम्ही त्याला श्रीखंड-पुरी वाढली. दोनदा. शेवटी त्याने हळूच विचारलं, माझी केस कधी आहे?

बिचाऱ्याला स्पीडिंगसाठी बोलावलं होतं, गाडीतल्या सॅटनॅवने जुन्या कोर्टात आणून सोडलं होतं. मीच त्याला गाडीत घालून नव्या कोर्टात पोचवलं. ती इमारत म्हणजे इन्शुरन्सचं ऑफिस वाटावं अशी, कार्पेट आणि काचा. उतरताना तो म्हणाला, "मागच्या वेळेपेक्षा तुमचा स्टाफ खूप चांगला आहे!"

*

आमचे अध्यक्ष डॉक्टर करमरकर, हॉस्पिटलमधून रिटायर झालेले. दर दिवाळीला ते न्यायाधीशांच्या खुर्चीतून जाहीर करायचे, "ही आमची इथली शेवटची दिवाळी. आता पुणे!" त्यांना माइक लागत नाही. एका वर्षी आम्ही खरं मानून काका-काकूंना शाली दिल्या. पुढच्या दिवाळीला काका तीच शाल पांघरून आले आणि पुन्हा तेच बोलले!

काकू तेव्हा खाली किचनमध्ये असायच्या. त्यांचे नातू लीड्सलाच, शेजारणीबरोबर चालायला जाणं, मागच्या अंगणात लावलेलं आंबट देठांचं रुबार्ब. त्यांना जायचंय का, हे कुणी विचारलेलं मी तरी ऐकलं नाही. मला त्यांचं वाईट वाटायचं. पण काका जात नाहीत हे माहीत होतं, म्हणून आम्हीही हसून सोडून द्यायचो.

*

या दिवाळीला काका उभे राहिले. आम्ही नेहमीसारखे हसलो. ते हसले नाहीत.

"पुण्यातला फ्लॅट बुक केलाय. एजंटशी बोललोय, सोमवारी आमच्या घरापुढे फॉर सेलचा बोर्ड लागेल. आम्ही दोघं जानेवारीत निघतोय."

टाळ्या वाजल्या. नेमक्या तेव्हाच काकू मसालेभाताचं पातेलं घेऊन जिन्यावरून पिंजऱ्यात वर आल्या. शेवटचं सगळं त्यांनी ऐकलं होतं. पातेलं कठड्यावर ठेवून त्या तशाच उभ्या राहिल्या. टाळ्या थांबल्या.

"अहो, मला कधी सांगणार होतात?"

काकूंसमोर माइक चालूच होता. अख्ख्या हॉलला ऐकू गेलं. काकांचा चेहरा पडला.

"अगं, सगळ्यांसमोर काय हे? घरी बोलू आपण."

काकूंनी पदराला हात पुसले.

"कोणत्या घरी?"