बिबट्याच्या शेपटीशी माझा अंगठा

हातानं वस्तू घडवून विकणाऱ्या मैत्रिणींनो, आपलं काम चोरीला जातं आणि वर आपल्यालाच ऐकवतात, "खूश व्हा, आवडलं म्हणून तर कॉपी केलं." आज मी खूश झाले नाही.

सकाळी एका गिऱ्हाईक बाईंनी माझा कप उचलून परत ठेवला. "ताई, हाच बिबट्या सोडाला बाजारातल्या दुकानात निम्म्या भावात मिळतो." तशीच तिथं गेले. कारखान्यात छापलेल्या मगांचं अख्खं कपाट, आणि प्रत्येकावर मी काढलेला, इथल्या झालाना जंगलातला बिबट्या.

"डिज़ाइन पे किसी का नाम लिखा है क्या, मैडमजी?" दुकानदार हसत म्हणाला.

नाव नव्हतं. पण कप ग्लेझमध्ये, म्हणजे चकाकी देणाऱ्या द्रावणात, बुडवताना मी तो चिमटीत धरते. अंगठ्याखाली ग्लेझ लागत नाही, म्हणून शेपटीशी मातीचा कोरा ठिपका राहतो. या शहाण्यानं माझ्या कपाचा फोटो काढून तो ठिपकाही सगळ्या मगांवर छापला होता.

मी ठिपक्यावर अंगठा टेकवला. तंतोतंत बसला.

"वो तो डिज़ाइन का हिस्सा है," तो पुटपुटला.

खरेदीला आलेल्या एक आजी म्हणाल्या, "भैया, अब अपना अंगूठा रखके दिखाओ." त्याच्या जाड अंगठ्याखाली अख्खी शेपटी झाकली गेली.

मला माफी नको. त्याच्या गिऱ्हाइकांदेखत ते कपाट रिकामं झालेलं पाहायचंय. रविवारी दुपारी तुम्ही घडवलेली एक वस्तू हातात घेऊन त्या दुकानाच्या दारात माझ्यासोबत उभ्या राहा.