मागचं रान कुणी काढायचं

आमच्या शेजारच्या इंग्रज म्हाताऱ्यानं माझ्या मागच्या अंगणातल्या काट्यांची तक्रार केली, ती मला नाही, माझ्या मुलाला. मी इंग्लंडात, रीडिंग गावी त्याच्या भिंतीला भिंत लावून राहते. मुलगा वर स्कॉटलंडात, एडिनबराला. मधे फक्त एक लाकडी फेन्स आहे, इकडे कुणी खाकरलं तरी तिकडे ऐकू जातं. तरी ह्या शहाण्यानं फेन्समधून घुसलेल्या फांद्यांचे फोटो काढले, ते स्कॉटलंडला पाठवले, आणि संध्याकाळी स्कॉटलंडहून मला व्हिडिओ कॉल आला, की आई, गार्डनचं काय चाललंय?

माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या. अरे, तोंड आहे ना तुला? दार वाजव, सांग. म्हातारा म्हणते खरी, पण माझ्याहून दोन-चार वर्षांनी लहानच असेल तो. बाईमाणूस सत्तरी ओलांडून एकटी राहायला लागली की लोक तिच्याशी बोलणं सोडून तिच्याबद्दल बोलायला लागतात. आणि तेही फार काळजीच्या सुरात, म्हणजे आपल्याला चिडायचीही सोय नाही. मी मात्र चिडते.

मुलाचा नंबर त्याच्याकडे गेला तो तीन वर्षांपूर्वी, हे गेले त्या दिवशी. हे म्हणजे माझे यजमान. कचऱ्याचं बिन रस्त्यावर ठेवायला बाहेर पडले आणि समोरच्या ड्राइव्हवर, गाडी लावायच्या जागेतच, कोसळले. मी क्रॉयडनला मैत्रिणीकडे जेवायला गेले होते, फोन पर्समध्ये आणि पर्स आतल्या खोलीत. शेजाऱ्यानंच अँब्युलन्स बोलावली, ह्यांच्याच फोनवरून मुलाला कळवलं. त्या दिवसाचे त्याचे उपकार मी विसरलेले नाही. पण एकदा अँब्युलन्स बोलावली म्हणून माझ्या घराची पहारेदारी कायमची ह्याच्याकडे लागली की काय?

काट्यांचं म्हणाल तर ते वाढले होते, हे खरं. बाग ह्यांचं खातं. मेथी, पालक, मिरचीची रोपं, सगळं तेच बघायचे, मी फक्त खुडून आणायची. हे गेल्यावर मी मागचं दार उघडलंच नाही. उघडवेना. तेवढ्या काळात ब्रॅम्बलनं आपलं राज्य थाटलं. ब्रॅम्बल म्हणजे ब्लॅकबेरीची जंगली जात, आपल्याकडच्या करवंदाच्या जाळीसारखी, फक्त अंगात दुप्पट मस्ती. फांदी वाकते, तिचा शेंडा जमिनीला टेकतो, तिथे मूळ धरतो आणि तिथून नवी फांदी निघते. असं करत करत ती शेडच्या दारावर चढली, कपडे वाळत घालायच्या दोरीपर्यंत आली.

मी मुलाला म्हटलं, माणूस बोलावते आणि काढून घेते, एवढं काय त्यात. आमच्या पुण्याच्या घरी माळी यायचा, आई ओसरीवर खुर्ची टाकून त्याला सूचना द्यायची, तिला कुणी कधी म्हटलं नाही की तुमचं वय झालं. तर हा म्हणतो, आज गार्डनर, उद्या क्लीनर, परवा सांभाळायला केअरर. मग तू मॅनेज कुठे करतेस? बरं, मी म्हटलं, मग माझी मी काढते. तर म्हणतो, आर यू मॅड? पडलीस तर?

म्हणजे माणूस लावला तर मला जमत नाही म्हणून घर विका. स्वतः केलं तर मला अक्कल नाही म्हणून घर विका. त्याच्या घरापासून पाच मिनिटांवर माझ्यासाठी एक फ्लॅट त्यानं हेरून ठेवला होता. लिफ्ट आहे, हीटिंग उत्तम आहे, खाली कॉफी शॉप आहे. हे गेल्यापासून तो मला त्या फ्लॅटचे गोडवे ऐकवत होता, आणि दर वेळी शेवटी एकच वाक्य, की हे सगळं तुझ्याच भल्यासाठी. माझं भलं माझ्याहून जास्त ह्याला कळतं, तेही उंटावरून शेळ्या हाकत!

पुढच्या आठवड्यात दारावर एक कॉन्ट्रॅक्टर हजर. मुलानं परस्पर पाठवलेला. चांगला धिप्पाड, पायात चिखलाचे बूट, आणि मी दार उघडल्यावर पहिला प्रश्न काय, तर घरात आणखी कोणी आहे का? मी म्हटलं, मी आहे. त्याला बाजूच्या फाटकातून मागे नेलं. त्यानं एक नजर टाकली, खिशातून फोन काढला, मुलाला लावला आणि माझ्या अंगणात, माझ्या समोर उभा राहून माझ्या मुलाशी बोलायला लागला. मशीननं सगळं जमिनीलगत कापून टाकू, एका दिवसाचं काम आहे. मी मधेच विचारलं, मुळांचं काय? गड्डा खाली राहिला तर पुढच्या वर्षी हे दुप्पट येणार. त्यानं मला हातानं जरा थांबा अशी खूण केली आणि फोनवर म्हणाला, हो हो, एजंटच्या फोटोंपुरतं नक्की चकाचक दिसेल.

एजंटचे फोटो. म्हणजे घर विकायच्या जाहिरातीचे. मी पुढे आले, बाजूचं फाटक सताड उघडलं आणि त्या माणसाला सांगितलं, की ह्या घराची मालकीण मी आहे आणि मी तुम्हाला बोलावलेलं नाही. बिचारा निघून गेला. त्याचा काय दोष म्हणा, पण त्या वेळी त्याचाही राग आलाच.

मग मुलाला फोन लावला. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. तू बाग साफ करतोयस की मला, असं सरळ विचारलं. तो आधी म्हणाला फक्त घराच्या किमतीचं व्हॅल्युएशन होतं, जस्ट टू नो. मी त्याला तिथल्या तिथे सांगितलं की ऑक्टोबर चालू आहे, एप्रिलच्या आत ही सगळी झाडी मी माझ्या हातानं मुळासकट काढीन. काढली, तर घर विकायचा विषय ह्या जन्मात पुन्हा काढायचा नाही. नाही जमलं, तर मी स्वतः एजंटला फोन करीन आणि तुझ्या त्या लिफ्टवाल्या फ्लॅटमध्ये येऊन बसेन. तो बराच वेळ नाही नाही करत होता. शेवटी म्हणाला, फाइन. त्याला वाटलं असणार, दोन दिवसांत थकेल.

दोन दिवसांत थकले होतेच. पण ते त्याला सांगतेय कोण.

ह्यांचे चामड्याचे हातमोजे शोधले, लांब दांड्याची कात्री आणली आणि मागचं दार उघडलं. रीत माझी मीच बसवली. आधी फांदी वरून कापायची, मग तिचे वीतवीतभर तुकडे करायचे, नाहीतर ती बिनमध्ये मावत नाही आणि उलटून गालावर बसते. कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, गाडी बागेचा कचरा एका आठवड्याआड नेते, तेव्हा बिन भरलं की कात्री खाली. त्यामुळे घाई करून अंग मोडायची सोयच नव्हती. वरचं कापून झालं की कुदळीनं गड्डा उकरायचा. सुरणाच्या कंदाएवढा असतो मेला, आणि तितकाच ओबडधोबड. तो हातात आला की मला जे समाधान मिळायचं ते मला देवपूजेतही मिळालेलं नाही, खोटं कशाला बोलू?

आणि तोंड चालू असायचं. ह्या फांदीला मुलाचं नाव, त्या फांदीला शेजाऱ्याचं, जाडजूड असेल तर एजंटचं. चांगल्या ठसठशीत मराठीत एकेकाचा उद्धार करत मी कापत सुटायची. शेजारी वरच्या खिडकीतून बघत असायचा. एकदा मी त्याला कात्री उंच करून दाखवली, तेव्हा पडदा लागला. हातांवर ओरखडेच ओरखडे. संध्याकाळच्या व्हिडिओ कॉलला लांब बाह्यांचं स्वेटर घालून बसायची आणि फोन असा धरायची की फक्त तोंड दिसावं. हा विचारायचा, आज काय केलंस? मी म्हणायची, काही नाही रे, वाचत पडले होते.

हिवाळा असा गेला. फेब्रुवारीत दोरी मोकळी झाली, शेडचं दार उघडलं, खालची काळी माती दिसायला लागली. उरला फक्त शेडमागचा एक कोपरा. मला इतका हुरूप आला की त्या दिवशी पाऊस पडून गेला होता तरी मी गेले.

जमिनीला टेकून मूळ धरलेली एक फांदी होती, तिची कमान झालेली. माझा पाय त्या कमानीत गेला, दुसरा चिखलात सरकला आणि मी उताणी त्या जाळीत पडले. हाड मोडलं नाही. पण ब्रॅम्बलचा काटा आकड्यासारखा असतो, सुटायला जावं तितका आत रुततो. केस, स्वेटर, साडीचा काठ, सगळं अडकलेलं. मी धडपडले, मग धडपडायची थांबले. पावसाचं पाणी मानेखालून पाठीत जात होतं. भीती वाटली का? वाटली. पण त्याहून मोठी भीती ही, की आता हे एडिनबराला कळणार.

फेन्सपलीकडून शेजाऱ्याचा आवाज आला. मी ओरडून सांगितलं, मी ठीक आहे, तुम्ही येऊ नका. तो अर्थातच आला, बाजूच्या फाटकातून, हातात छोटी कात्री घेऊन. त्यानं मला एकेका काट्यातून सोडवलं, काखेत हात घालून उठवलं, बादली पालथी घालून तिच्यावर बसवलं. मी त्याला म्हटलं, थँक यू, आणि माझ्या मुलाला कळवू नका. तो म्हणाला, सॉरी, मेसेज गेला. येतानाच पाठवला. त्याला मी शब्द दिलाय.

मग मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही. कुठल्या अधिकारानं, कोण तुम्ही आमचे, पुन्हा माझ्याबद्दल कुणाला काही कळवलंत तर याद राखा. तो खाली मान घालून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानानं मुलगा आला. पाठीवरची बॅग न काढता घरातून सरळ मागे गेला. मी त्याच्या मागोमाग, भांडायच्या पूर्ण तयारीत. त्यानं सगळं अंगण बघितलं. सगळीकडे उकरलेली, सारखी केलेली माती, आणि कोपऱ्यात तेवढी उरलेली जाळी, जिच्यात माझ्या अंगाचा खळगा अजून दिसत होता. मी म्हटलं, बघितलंस? एवढा कोपरा राहिलाय, एप्रिल लांब आहे. मी जिंकलेय.

"हात दाखव," तो म्हणाला. मी दाखवले नाहीत.

तो तिथेच शेडच्या पायरीवर बसला. म्हणाला, बाबांच्या वेळी त्यांच्या फोनवरून फोन आला, स्क्रीनवर बाबांचं नाव, मी हसत उचलला, आणि पलीकडे हा माणूस. तेव्हापासून ह्याचा मेसेज आला की मी तो लगेच उघडत नाही. काल मीटिंगमध्ये होतो. बाथरूममध्ये जाऊन दार लावून उघडला.

हे त्यानं मला कधी सांगितलं नव्हतं. पण राग काही गेला नाही, उलट वाढला. मनात हे ठेवून माणूस मला एवढी वर्षं लिफ्ट आणि हीटिंग सांगत बसला!

"भीती तुझी आहे आणि घर माझं आहे," मी म्हणाले. "तुझ्या भीतीसाठी मी माझं घर विकू?"

मला वाटलं, आता पुन्हा तुझ्याच भल्यासाठी सुरू होणार. तो म्हणाला, "हो. माझ्यासाठी वीक. प्लीज, आई."

माझ्यासाठी, हा शब्द तो पहिल्यांदा बोलला. इतका वेळ खोटं बोलत होता तेव्हा मला नाही म्हणणं किती सोपं होतं. मी त्या मोकळ्या मातीकडे बघितलं. पुढच्या महिन्यात मेथी टाकायची होती. मी नाही म्हणाले. तो खरं बोलला होता, मीही खरं बोलले.

त्यानं मान हलवली. चिडला नाही, आवाज चढवला नाही. उठला आणि फेन्सपाशी गेला. पलीकडे शेजारी पक्ष्यांना दाणे घालत असल्यासारखं करत उभा होता. मुलानं आधी त्याचे आभार मानले, बाबांच्या दिवसाचे आणि कालचेही. मग शांतपणे म्हणाला, की इथून पुढे मला काही कळवू नका. काहीही झालं तरी. आईला ते नकोय, आणि मलाही आता सहन होत नाही.

काल मी ह्याच अंगणात घसा फोडून हेच मागितलं होतं. मला जे हवं ते सगळं मिळालं होतं, घर मिळालं, वर ही पहारेदारीही संपली. आणि माझ्या तोंडातून थांब म्हणून एक शब्द फुटेना.

शेजाऱ्यानं दाण्यांचा डबा खाली ठेवला. एकदा मुलाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"बरं," तो म्हणाला. "मग काही झालं तर मी कळवू कुणाला?"

मुलानं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. पलीकडे तो उत्तराची वाट बघत उभा राहिला.