अक्षरं आतल्या बाजूला

"गळत नाहीये गं. घाम येतोय नुसता."

"लोखंडाला एवढा घाम येतो, आणि तुम्हाला येत नाही?"

व्हरांड्यात मोटरसायकल खोक्यावर टेकवलेली. पुढचं चाक भिंतीला लावलेलं, शॉकअपचे दोन्ही पाय वर्तमानपत्रावर आडवे. शॉकअपमधलं तेल ओघळून ब्रेकच्या डिस्कपर्यंत पोचलं होतं. काल मुलीने फाटकाशी ब्रेक दाबला, तरी गाडी थांबली नाही. शेवटी फाटकानेच थांबवली. सोमवारी सकाळी सातला तिला याच गाडीवरून कामावर जायचं होतं.

गाडीचे डॉक्टर म्हणजे घरधनी, धंद्याने पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि बाकीच्या कामांत त्यांचा हात आवरणारं कुणी नव्हतं. ऑइल सील, म्हणजे तेल आत अडवणाऱ्या रबरी कड्या, त्यांनी महिन्यात दोनदा बदलल्या होत्या. आज तिसरी जोडी.

त्यांची बायको पंपांच्या कारखान्यात एकोणीस वर्षं दिवसाला दोनशे सीलं बसवत होती. पण ती कारखान्यातली सीलं. घरचं सील वेगळं असतं, ते फक्त पुरुषांनाच कळतं.

"त्याला शिकवू नकोस," आतून सासूबाई म्हणाल्या. "सहा वर्षांचा असताना त्यानं घड्याळ उघडलं होतं."

"हो ना, आई. अजून उघडंच आहे."

आधीच्या दोन्ही वेळा ती कामावर होती. आज प्रथमच तिने त्यांना सील बसवताना पाहिलं. त्यांनी ते पुसलं, तेल लावलं, कडेची छापील अक्षरं कौतुकाने न्याहाळली आणि ती खाली करून सील ठेवलं.

"अक्षरं खाली का?"

"वर ठेवली तर धुळीनं पुसली जातील. किती सुबक काढलीत बघ."



"अहो, ती पाटी नाही. अक्षरं वर असतात, कडीतली स्प्रिंग खाली, तेलाकडे. तुम्ही उलटं बसवता आणि तेलाला दार उघडून देता."

"मग आधी सांगायचं नाही का?"

"पहिल्यांदा कामावरून आल्यावर विचारलं, कुठली बाजू वर ठेवलीत, तेव्हा तुम्ही रेडिओ मोठा केलात. दुसऱ्यांदा आईंनी घड्याळ काढलं."

आत सासूबाईंना एकदम खोकला आला. पेंटरांनी सील नखाने उचललं आणि अक्षरं पुन्हा एकदा वाचली, जणू तीच फितूर झाली होती.

हेल्मेट काखेत धरून मुलगी दारात उभी होती. आईने तिच्याकडे पाहिलं, मग फाटकाच्या वाकलेल्या गजाकडे. पदर खोचून ती वर्तमानपत्रावर बसली आणि नवऱ्यापुढे हात केला. त्यांनी सील तिच्या तळहातावर ठेवलं.

"तू ब्रेकचे नवे पॅड घेऊन ये, जुने तेल प्यायलेत," ती मुलीला म्हणाली. मग नवऱ्याला, पण आतपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, "गाडी मी जोडतेय. यापुढे या घरातली सीलं मी बसवणार. कुकर तुम्ही लावा."